परभणी प्रांतांतील वाटा, बारवा व घाट : ग्रामरचनेंतील देहश्रमाचा विचार

गांवाची रचना आणि गांवकऱ्यांचा व्यायाम यांचा परस्परांशीं कांहीं कार्यकारणसंबंध असूं शकेल, ही कल्पना आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल. व्यायाम म्हटला कीं तालीम, जोर, बैठका, मल्लखांब हीं डोळ्यांपुढें येतात. नगररचना म्हटली कीं नकाशे, कायदे व आरक्षणें. परंतु जागतिक आरोग्य संघटनेनें इ. स. २०१८ मध्यें शारीरिक हालचालीसंबंधीं २०३० पर्यंतचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्याच्या चार उद्दिष्टांपैकीं एक उद्दिष्ट हालचालीस अनुकूल असा परिसर निर्माण करणें हें आहे. माणसानें चालावें असें वाटत असेल तर त्याला आधीं चालण्याजोगी वाट द्या, उपदेश मागाहून करा, असा याचा सरळ अर्थ. ही गोष्ट आपल्याकडे नवी म्हणून सांगितली जाते. वस्तुतः तिचीं साधनें परभणी जिल्ह्यांत दगडांत बांधलेलीं उभीं आहेत, व तीं झपाट्यानें नाहींशीं होत आहेत. त्यांकडे संशोधकांचें लक्ष वेधावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. जें जें नवें निघेल तें तें आमच्या पूर्वजांस ठाऊक होतें असें म्हणण्याची खोड आम्हांस नाहीं. म्हणून ग्रंथ जेवढें सांगतात तेवढेंच येथें सांगितलें आहे.

प्रथम वैद्यकाचा आधार पाहूं. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांतील चोविसाव्या अध्यायांत दिनचर्या सांगतांना चालण्याचे दोन प्रकार वेगळे केले आहेत. एक ‘अध्वा’, म्हणजे वाटचाल. तिनें कफ व स्थूलता कमी होतात, पण कांति व सुकुमारता यांचाहि नाश होतो. दुसरें ‘चंक्रमण’, म्हणजे देहास फार पीडा न देणारें येणें-जाणें. त्यानें आयुष्य, बल, मेधा व अग्नि वाढतात असें म्हटलें आहे. हा भेद आमच्या विषयास फार उपयोगी आहे. अध्वा ही गरजेनें घडते. चंक्रमणास मोकळीक लागते, आणि जागाहि लागते. ती जागा कोणी द्यावयाची, हा प्रश्न वैद्यकाच्या कक्षेबाहेरचा. त्याचें उत्तर बौद्धांच्या विनयग्रंथांत मिळतें.

चुल्लवग्गांत असें आख्यान आहे कीं वैशाली येथें गृहस्थांनीं पाळीपाळीनें उत्तम अन्नाचीं भोजनें दिल्यामुळें भिक्षूंच्या शरीरांत दोष सांचले व ते वारंवार आजारी पडूं लागले. प्रसिद्ध वैद्य जीवक कौमारभृत्य कांहीं कामानिमित्त तेथें गेला होता. त्यानें ही स्थिति पाहून बुद्धास विनंति केली ती औषधाची नव्हे, तर भिक्षूंकरितां चंक्रम व स्नानगृह बांधूं देण्याची. ती मान्य झाली. पुढील तपशील तर एखाद्या बांधकाम-खात्याच्या दप्तरांत शोभेल असा आहे. चंक्रमाची जमीन खडबडीत होती व पायांस बोंचूं लागली, म्हणून ती सपाट करण्याची अनुज्ञा. जोतें बुटकें असल्यानें पाणी सांचूं लागलें, म्हणून उंच जोत्याची. तें ढासळूं लागलें, म्हणून वीट, दगड किंवा लांकूड यांच्या बांधणीची. चढतांना त्रास होऊं लागला, म्हणून पायऱ्यांची. भिक्षु खालीं पडूं लागले, म्हणून कठड्याची. आणि उन्हाथंडीचा त्रास होऊं लागला, म्हणून वर छप्पर घालण्याची. सातव्या शतकाच्या उत्तरार्धांत आलेल्या इत्सिंग नामक चिनी यात्रेकरूनें महाबोधीच्या विहाराजवळील चंक्रमाची रुंदी दोन हात व लांबी चौदा-पंधरा हात दिली आहे, आणि या देशांत यति व गृहस्थ दोघेहि सकाळीं व उतरत्या उन्हांत असे फिरतात असें नमूद केलें आहे. बसून खाणाऱ्या समाजाच्या रोगावर वैद्यानें जागेची योजना सुचवावी आणि ती जागा अनुभवानें टप्प्याटप्प्यानें सुधारत जावी, याचें इतकें जुनें व इतकें सविस्तर उदाहरण आम्हांस दुसरें ठाऊक नाहीं.

आतां सार्वजनिक वाटेकडे वळूं. कौटिलीय अर्थशास्त्रांत दुर्गनिवेशाच्या प्रकरणीं वाटांचीं मापें दिलीं आहेत. राजमार्ग आठ दंड, म्हणजे सुमारें अठ्ठेचाळीस फूट. रथ्या त्याच्या निम्मी. आणि लहान जनावरें व माणसें यांची वाट अवघी दोन अरत्नि, म्हणजे सुमारें तीन फूट. माणसाला शेळ्यामेंढ्यांच्या पंक्तीस बसविलें म्हणून कोणीं रागावूं नये. महत्त्वाची गोष्ट ही कीं पायीं चालणाराची वाट निराळी मोजली होती, तिला निराळें नांव होतें, आणि ती अडविणारास बारा पण दंड सांगितला होता. गुरांची वाट अडविली तर चोवीस, हत्तींची व शेतांची वाट अडविली तर चोपन्न. रथ्येवर माती टाकणें, चिखलपाणी तुंबविणें यांसहि दंड असून राजमार्गावर तोच दुप्पट आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत कोणीं कोणास वाट द्यावी हें सांगतांना गाडीवान, नव्वदी उलटलेला वृद्ध, रोगी, ओझें वाहणारा व स्त्री यांचीं नांवें स्नातक व राजा यांच्या आधीं आलीं आहेत. श्लोकांतील क्रम छंदाच्या सोयीनें पडतो हें आम्ही जाणतों; तरी या मंडळींस वाटेवर हक्क आहे ही जाणीव त्यांत उघड आहे.

याच संदर्भांत मानसारांतील ‘एकपक्ष’ व ‘द्विपक्ष’ या शब्दांचा विचार करणें प्राप्त आहे. आंतील वीथि एकपक्ष व बाहेरील वीथि द्विपक्ष असाव्या असें तेथें सांगितलें आहे. प्रसन्नकुमार आचार्य यांनीं ‘पक्ष’ याचा अर्थ पायरस्ता असा घेतला. हा अर्थ खरा ठरल्यास आधुनिक शहरांतील दोहों बाजूंच्या पायरस्त्यांची परंपरा एकदम कित्येक शतकें मागें जाईल, व म्हणूनच तो उत्साहानें उद्धृत केला जातो. आम्हांस तो पटत नाहीं. पक्ष म्हणजे बाजू. एका बाजूस घरांची ओळ ती एकपक्ष, दोहों बाजूंस ती द्विपक्ष, हा अर्थ सरळ असून ग्रामरचनेच्या प्रकरणाशीं अधिक जुळतो. तटाच्या आंतून गांवाला वळसा घालणाऱ्या प्रदक्षिणेच्या वीथीचा, म्हणजे मंगलवीथीचा, उल्लेख मात्र शिल्पग्रंथांत निर्विवाद आहे. ग्रामस्थांनीं गांवाभोंवतीं नित्य फिरावें अशी सोय त्या वीथीनें आपोआप होते.

येथवर ग्रंथांचें झालें. परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पालम व पूर्णा या नऊ तालुक्यांच्या या जिल्ह्यांत जुन्या गांवाची घडण पाहिली, तर तिच्यांत वरील ग्रंथांतील चौकोनी आंखणी क्वचितच दिसेल. येथें गांव म्हणजे पांढरी व तिच्या भोंवतालची काळी. पांढरीवर वस्ती, वेस, चावडी, मारुतीचें देऊळ व पार, काळींत शेतें. दोहोंस जोडणारी ती पाणंद. काळ्या जमिनीचा चिखल ज्यानें एकदां तुडविला आहे, त्यास पावसाळ्यांत पाणंद हें केवढें जीवन आहे तें सांगावयास नको. महाराष्ट्र शासनानें इ. स. २०२१ मध्यें शेत व पाणंद रस्त्यांची जी योजना मातोश्रींच्या नांवानें काढली, तिनें हा जुना शब्द सरकारी कागदांत पुन्हा प्रतिष्ठित झाला ही आनंदाची गोष्ट आहे. रस्ता होतांना तो केवळ यंत्रांचा न होतां पायीं जाणाऱ्या शेतकऱ्याचाहि राहावा, एवढेंच मागणें.

परंतु या जिल्ह्याचें खरें वैभव बारवा हें होय. भुवनदेवाच्या ‘अपराजितपृच्छा’ या ग्रंथांत वापींचे नंदा, भद्रा, जया व विजया असे चार प्रकार अनुक्रमें एक, दोन, तीन व चार मुखांवरून केले आहेत; मुख म्हणजे उतरण्याची वाट. वापीचें वर्गीकरण तिच्या पाण्यावरून वा खोलीवरून न करतां माणूस तिच्यांत कोणत्या बाजूंनीं उतरेल यावरून करावें, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. यादव महादेव व रामचंद्र यांचा मंत्री हेमाद्रि, ज्याच्या नांवानें आपण प्रत्येक जुन्या दगडी देवळास हेमाडपंती म्हणतों, त्यानें चतुर्वर्गचिंतामणीचें दानखंड रचिलें. इष्टापूर्तांतील पूर्तामध्यें वापी, कूप, तडाग, देवालय, आराम हीं येतात. विहीर बांधणें हें पुण्यकर्म होतें, म्हणून ती धनिकांनीं बांधिली. आणि पाणी दिसावयास सुंदर व पोंचावयास सुगम असावें, म्हणून तिला पायऱ्या केल्या.

जिंतूर तालुक्यांतील चारठाणा येथें देवळांचा समूह, एकटाच उभा असलेला कोरीव स्तंभ व पुष्करिणी हीं सुप्रसिद्ध आहेत. गांवांत पूर्वीं ३६० देवळें होतीं असें लोक सांगतात. ती संख्या वर्षाच्या दिवसांवरून आली असावी, शिरगणतीवरून नव्हे. सेलू तालुक्यांतील वालूर येथील बारव याहून निराळी. तिच्या पायऱ्या गोल फिरत खालीं जातात, त्यामुळें उतरणाराची स्वतःच्या नकळत प्रदक्षिणा घडते. ती गाळ व केरानें भरून गेली होती. अलीकडच्या वर्षांत गांवकऱ्यांनीं श्रमदानानें ती मोकळी केली, व एका जुन्या कामानें नव्या पिढीकडूनहि चांगला घाम गाळून घेतला.

पायऱ्यांचा विषय निघाला म्हणून एक परदेशी शोध येथें नमूद करितों. लंडन येथील दुमजली बसगाड्यांचे चालक व वाहक यांची तुलना जेरेमी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं करून ती इ. स. १९५३ मध्यें ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केली. चालक दिवसभर बसून असत. वाहक जिना चढउतार करीत. हृदयविकार वाहकांत कमी आढळला. वाहक व्यायाम म्हणून जिना चढत नव्हते, तिकिटें देण्यासाठीं चढत होते. बारवेचेंहि तसेंच आहे. घागर भरावयास उतरावें, भरून चढावें. त्यांत व्यायामाचें नांवहि नाहीं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या एका मोठ्या पाहणींत, जींत महाराष्ट्राचाहि समावेश होता व जिचे निष्कर्ष इ. स. २०१४ मध्यें प्रसिद्ध झाले, शेंकडा ५४ वर लोक पुरेशी हालचाल न करणारे आढळले. शहरांत हें प्रमाण ६५ व खेड्यांत ५० होतें. मुद्दाम करमणुकीसाठीं व्यायाम करणारे शेंकडा दहाहूनहि कमी होते. म्हणजे आपल्या समाजांत हालचाल ही कामांतूनच होत आली आहे, आणि काम सुटलें कीं ती सुटते. नुसत्या व्यायामशाळा काढून ही तूट कशी भरून निघणार, हें आम्हांस दिसत नाहीं.

परंतु येथें एका मोहापासून सावध राहिलें पाहिजे. बारवेच्या पायऱ्या चढण्याचा श्रम बहुतेक स्त्रियांच्या वांट्यास आला, आणि तो त्यांनीं आवडीनें पत्करिलेला नव्हता. सुश्रुताच्या भाषेंत ती अध्वा होती, चंक्रमण नव्हे. नळ घरांत आला यांत त्यांचें कल्याणच झालें. जुन्या बारवेकडे पाहून हळहळणाऱ्या आम्हां पुरुषांनीं डोक्यावर दोन घागरी कधीं घेतल्या नाहींत. दुसरें असें कीं, ज्या पाणवठ्याची पायरी सर्वांस मोकळी नव्हती, त्याला सार्वजनिक म्हणणें हेंच चुकीचें. मुंबई कायदे-कौन्सिलांत रावबहादुर बोले यांचा ठराव इ. स. १९२३ मध्यें संमत झाला, आणि २० मार्च १९२७ रोजीं महाड येथें डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं चवदार तळ्याचें पाणी घेतलें गेलें. पाण्यापर्यंत चालत जाण्याचा साधा हक्क मिळविण्यासाठीं माणसांना सत्याग्रह करावा लागला, हा आपल्या वापीशास्त्राच्या इतिहासाचाच एक भाग आहे. तो गाळून लिहिलेला इतिहास आम्ही अपुरा समजतों.

घाटांची गोष्ट थोडी वेगळी. गोदावरी या जिल्ह्याच्या दक्षिण भागांतून वाहते. तिच्या कांठीं जनाबाईचें गंगाखेड, पात्रांतील देवालयासाठीं प्रसिद्ध असलेलें मुद्गल, आणि विटांच्या शिखराच्या गुप्तेश्वर मंदिराचें धारासूर अशीं स्थळें आहेत. घाट हा उतरण्याचा मार्ग खरा, पण तो बसण्याचा, भेटण्याचा व रेंगाळण्याचाहि आहे. तेथें अध्वा व चंक्रमण यांची गांठ पडते. शेगांवहून पंढरपुरास जाणारी गजानन महाराजांची पालखी परभणी व गंगाखेड या मार्गानें पायीं जाते. वारीच्या वाटेवर छाया, पाणी व मुक्काम यांची जी व्यवस्था गांवोगांव होते, ती पाहिली म्हणजे हजारों माणसांस चालतें ठेवण्यास काय लागतें याचा जिवंत पाठ मिळतो. तो पाठ वर्षांतून एकदां येतो आणि जातो. एरवीं त्याच वाटेवर झाडाची सावली मिळणें कठीण.

तालमीविषयीं विस्तार करीत नाहीं, तो विषय बडोद्याच्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’च्या दहा खंडांत (इ. स. १९३६-४९) दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनीं पुष्कळ हाताळला आहे. चालुक्य सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लासा’त मल्लविनोदाचें प्रकरण आहे, आणि शेजारच्या जालना जिल्ह्यांतील जांब हें समर्थ रामदासांचें जन्मस्थान आहे, एवढें स्मरण पुरे. रचनेच्या दृष्टीनें लक्षांत घ्यावयाचें तें हें कीं मारुति व तालीम वेशीपाशीं असत, म्हणजे जाण्यायेण्याच्या वाटेवरच. मुद्दाम वाट वांकडी करून तेथें जावें लागत नसे.

इ. स. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी लोहमार्गाची गाडी परभणीवरून धांवूं लागली, आणि वेशीकडे पाहणारें गांव स्टेशनाकडे पाहूं लागलें. याच काळांत नगररचनेचें नवें शास्त्र हिंदुस्थानांत आलें. मुंबई इलाख्याचा कायदा इ. स. १९१५ चा. इ. स. १९१९ पासून मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे अध्यापक झालेले पॅट्रिक गेडीस यांनीं होळकरांच्या इंदुरासाठीं इ. स. १९१८ मध्यें अहवाल लिहिला. ते आधीं गल्ल्यांतून पायीं हिंडत, मग कागदाला हात लावीत. जुन्या वस्तींतून रुंद रस्ते फाडण्यापेक्षां थोडें काढून चौक व पार मोकळे करावे, असें त्यांचें मत. प्लेगाच्या दिवसांत इंदुरांत त्यांनीं दिवाळीची मिरवणूक काढविली, आणि जिकडे घरें अधिक स्वच्छ झालीं असतील तिकडून ती जाईल असें जाहीर केलें. लोक कामाला लागले. आमच्या मतें परभणीसारख्या शहरास अनेक नव्या पुस्तकांपेक्षां हा एक प्रसंग अधिक शिकवील.

आजची स्थिति अशी. परभणी नगरपालिकेची महानगरपालिका १ नोव्हेंबर २०११ रोजीं झाली; त्याच वर्षींच्या शिरगणतींत शहराची लोकसंख्या तीन लाखांवर होती. इ. स. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यान्वयें विकास-योजना करतांना रस्ते, क्रीडांगणें व उद्यानें यांच्या जागा दाखवाव्या लागतात, व नागरिकांच्या हरकती-सूचना मागवाव्या लागतात. इ. स. २०२० च्या एकत्रित नियमावलीप्रमाणें ०.४ हेक्टर वा त्याहून मोठ्या भूखंडाच्या आंखणींत शेंकडा दहा जागा मोकळी सोडावी लागते. भारतीय रस्ते परिषदेच्या इ. स. २०१२ च्या मार्गदर्शिकेंत पायरस्त्याची निर्वेध रुंदी किमान १.८ मीटर, म्हणजे सहा फूट, सांगितली आहे. कौटिल्याच्या मनुष्यपथाच्या बरोबर दुप्पट. आणि १४ मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें पायरस्ता वापरण्याचा पादचाऱ्याचा हक्क संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदांतील जीविताच्या हक्कांत अंतर्भूत असल्याचें सांगितलें. बारा पणांचा दंड पुन्हा पुस्तकांत आला. तो वसूल कोण करणार, हा प्रश्न कौटिल्याच्या वेळींहि असेलच.

संशोधकांचा यांत संबंध कोठें येतो, असें कोणी विचारील. तो येथें येतो कीं विकास-योजनेवर हरकत घेणारास पुरावा लागतो, आणि जुन्या वाटेचा पुरावा आमच्यासारख्यांच्या कपाटांत पडून आहे. निजामी अमलांतील गांवनकाशे व दप्तरें उर्दूंत आहेत, त्यापूर्वींचीं व वतनदारांकडील मोडींत. शिवेच्या तंट्यांतील महजर व निवाडपत्रें यांत ओढा, वाट, पाणंद, बारव यांचे उल्लेख सीमेच्या खुणा म्हणून येतात. संग्राहक नांवें व शिक्के वाचतात आणि खुणा सोडून देतात. महानुभावांची ‘स्थानपोथी’ तर अमुक देवळाच्या पूर्वेस, अमुक दाराच्या उत्तरेस अशा तऱ्हेनें यादवकालीन गांवांचा जणुं चालतांचालतां केलेला नकाशाच आहे. तिच्या जुन्या प्रती ज्यांच्याकडे असतील त्यांनीं या दृष्टीनें त्या पुन्हा वाचाव्या.

बारवांच्या बाबतींत आमची विनंति आणखी साधी आहे. ज्या वाचकाच्या गांवीं बारव असेल त्यानें तिचीं मुखें किती, पायऱ्या किती, प्रत्येक पायरीची उंची व रुंदी किती बोटें, मधले टप्पे किती, देवकोष्ठें कोठें, आणि वेशीपासून तिथवर पायीं जाण्यास किती पावलें पडतात, हें लिहून ठेवावें. शिलालेख असल्यास त्याचा ठसा घ्यावा; नसल्यास निराश होऊं नये. मोजणी उन्हाळ्यांत करावी, कारण पाणी खालीं गेलेलें असतें व सर्व पायऱ्या दिसतात. खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, तरी काठी बरोबर ठेवावी, आणि एकट्यानें उतरूं नये.